दाणेदार गाळ आणि टाकी चालवण्याची रीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि परिसरातल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत काम करणारे ऑपरेटर, गृहसंकुलांची अशीच छोटी केंद्रे (एसटीपी) सांभाळणारी मंडळी आणि पर्यावरण अभियांत्रिकीचे विद्यार्थी दाणेदार गाळाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. बहुतेक उत्तरे हवेवर चालणाऱ्या दाण्यांविषयी आहेत. हवेविना चालणाऱ्या यूएएसबी टाकीतल्या दाण्यांचा विचार एका स्वतंत्र प्रश्नात केला आहे.

साध्या सक्रिय गाळात आणि दाणेदार गाळात फरक काय?

सांडपाण्यातले सेंद्रिय द्रव्य खाणारे जिवाणू टाकीत सुटे राहत नाहीत. ते स्वतः स्रवलेल्या चिकट द्रव्यात, म्हणजे मुख्यतः प्रथिने आणि बहुशर्करा यांच्या जाळ्यात, एकमेकांना धरून राहतात. साध्या सक्रिय गाळात ही जुळणी सैल, पिंजलेली आणि वेड्यावाकड्या आकाराची असते. तिला फ्लॉक म्हणतात. हीच जुळणी घट्ट आणि गोलसर झाली, घुसळण थांबल्यावरही आपापले आकार सोडून एकमेकांत मिसळेनाशी झाली आणि फ्लॉकपेक्षा लक्षणीय वेगाने तळाशी बसू लागली, की तिला दाणा म्हणायचे, असे या विषयातल्या संशोधकांनी 2004 साली म्युनिकच्या बैठकीत ठरवले. व्यासाची खालची मर्यादा साधारण 0.2 मिलिमीटर धरतात. चांगल्या टाकीत 1 ते 3 मिलिमीटरचे दाणे सहज दिसतात.

हा फरक मोजताही येतो. एक लिटरच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये गाळ घेऊन तो 5 मिनिटांनी आणि 30 मिनिटांनी किती बसला ते पाहावे. साधा गाळ पाचव्या मिनिटाला बराच वर असतो आणि मग हळूहळू दबत जातो, तर दाणेदार गाळ पाचव्या मिनिटालाच जवळपास तेवढा बसलेला असतो जेवढा तिसाव्या मिनिटाला बसतो. त्यामुळे दोन्ही वेळच्या एसव्हीआयचे (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिलिलिटर जागा व्यापतो त्या आकड्याचे) गुणोत्तर 1 च्या जवळ येते. साध्या गाळाचा एसव्हीआय 100 ते 150 असेल, तर चांगल्या दाणेदार गाळाचा 60 च्या खाली राहतो. गाळ एवढा लवकर बसतो म्हणून टाकीत लिटरमागे 3-4 ग्रॅमऐवजी 8 ग्रॅमपर्यंत गाळ ठेवता येतो आणि वेगळ्या दुय्यम निवळण टाकीची गरज उरत नाही. शहरात जिथे जागेचा भाव परवडत नाही, तिथे या पद्धतीचे आकर्षण मुख्यतः यामुळेच आहे.

दाणे तयार करणारी बॅक्टेरिया पावडर बाजारात मिळते का? ती टाकली की काम होते का?

दाणा ही जिवाणूंची एखादी जात नाही. तुमच्या टाकीत आज जे जिवाणू आहेत त्यांतल्याच काहींनी, टाकी विशिष्ट रीतीने चालवल्यामुळे, धारण केलेला तो आकार आहे. पोत्यातली पावडर टाकली आणि टाकी पूर्वीसारखीच चालवली, तर त्या पावडरीतले जिवाणूही फ्लॉक होऊन राहतील किंवा प्रक्रिया झालेल्या पाण्याबरोबर बाहेर जातील. दुसऱ्या चालू केंद्रातला तयार दाणेदार गाळ विरजणासारखा आणून टाकला, तर सुरुवातीचे काही आठवडे ते महिने नक्की वाचतात, परंतु चालवण्याची रीत अनुकूल नसेल तर आणलेले दाणेही कालांतराने फुटून सैल होतात. म्हणून खर्च करायचाच असेल तर तो पावडरीवर करण्यापेक्षा व्हॉल्व्ह, टायमर आणि मोजमापाच्या साधनांवर करावा, असे स्पष्ट मत येथे नोंदवत आहे.

निवळण्याचा काळ कमी केला की दाणे आपोआप तयार होतात, हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्या सत्यामुळे बरीच केंद्रे अडचणीत येतात.

एसबीआर टाकीत भरणे, हवा देणे, निवळू देणे आणि वरचे पाणी काढणे ही कामे एकाच टाकीत एकामागून एक होतात. निवळण्यासाठी दिलेला वेळ आणि डिकँटर जितक्या खोलीपर्यंतचे पाणी काढतो ती खोली, या दोहोंवरून कोणता गाळ टाकीत राहणार आणि कोणता जाणार हे ठरते. समजा, डिकँटर दर आवर्तनात वरचे दीड मीटर पाणी काढतो. निवळण्यास 30 मिनिटे दिली, तर ताशी 3 मीटर वेगाने खाली बसणारा कणही वाचतो. साधा फ्लॉक यात आरामात वाचतो आणि त्यामुळे त्याच्यावर बदलण्याचा कसलाही दबाव येत नाही. तोच वेळ 5 मिनिटांवर आणला, तर ताशी 18 मीटरपेक्षा हळू बसणारे बहुतेक सगळे वाहून जाते. सुपात पाखडताना फोल उडते आणि दाणा मागे राहतो, त्यातलाच हा प्रकार आहे. प्रयोगशाळेत उंच, अरुंद नळकांड्यांमध्ये दाणे मिळवण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग मानला गेला आणि बहुतेक जुने शोधनिबंध त्यावरच बेतलेले आहेत.

मात्र प्रत्यक्ष केंद्रात एका दिवसात वेळ 30 मिनिटांवरून 5 मिनिटांवर आणला, तर गाळच निघून जातो, टाकी रिकामी पडते, अमोनिया तसाच बाहेर येतो आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मर्यादा ओलांडल्या जातात. नायट्रीकरण करणारे, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट करणारे, जिवाणू इतके सावकाश वाढतात की ते एकदा वाहून गेले की परत येण्यास आठवडे लागतात. म्हणून वेळ पायरीपायरीने कमी करावा: दर पायरीनंतर बाहेर जाणारा निलंबित गाळ मोजावा, तो स्थिरावला आणि एसव्हीआय उतरला तरच पुढची पायरी घ्यावी.

नागपूरपुरती एक गोष्ट आणखी लक्षात घ्यावी. पाणी जितके गरम तितके ते पातळ होते. 30 अंशांच्या पाण्याची श्यानता 20 अंशांच्या पाण्याच्या सुमारे चार पंचमांश असते, त्यामुळे तोच फ्लॉक उन्हाळ्यात साधारण पाव पटीने अधिक वेगाने खाली बसतो. डिसेंबरमध्ये जो निवळण्याचा वेळ पुरेसा कडक होता, तो मे महिन्यात सैल पडतो आणि हलका गाळ पुन्हा टाकीत साचू लागतो. टायमर वर्षभर एकाच आकड्यावर ठेवणाऱ्यांना उन्हाळ्याच्या अखेरीस गाळ का बिघडला हे कळत नाही, त्याचे एक कारण हे असू शकते.

मग उरलेले अर्धे सत्य कोणते? टाकी भरण्याची पद्धत एवढी महत्त्वाची का मानतात?

निवळण्याचा वेळ केवळ निवड करतो. निवडण्यासारखा घट्ट दाणा मुळात घडावा लागतो, आणि तो घडतो अन्न कसे मिळते त्यावरून.

हवा चालू असतानाच मैलापाणी हळूहळू सोडत राहिल्यास टाकीत अन्न सतत विरळ राहते. विरळ अन्नात ज्याचा पृष्ठभाग अधिक त्याचा फायदा होतो, म्हणून तंतूसारखे जिवाणू बाहेर हात पसरतात आणि गाळ फुगतो. याउलट, हवा पूर्ण बंद ठेवून, तळाकडून, बसलेल्या गाळाच्या थरातून मैलापाणी संथपणे वर चढू दिले, तर तळातल्या दाण्यांना अन्न दाट मिळते आणि ते आतपर्यंत झिरपते. या वेळी प्राणवायू नसल्यामुळे सर्वसाधारण वेगाने वाढणाऱ्या जिवाणूंना अन्नाचा उपयोग करता येत नाही. फॉस्फरस साठवणारे जिवाणू मात्र आपल्या साठ्यातली ऊर्जा खर्चून मैलापाण्यातली मेदाम्ले आत घेतात आणि त्यांचे रूपांतर साठवणीच्या बहुवारिकात करतात. नंतर हवा सुरू होते तेव्हा बाहेरचे अन्न बहुतांश संपलेले असते; हे जिवाणू आतल्या साठ्यावर, सावकाश वाढतात आणि पाण्यातला फॉस्फरस उचलून घेतात. सावकाश वाढणाऱ्या जिवाणूंचा दाणा घट्ट आणि गुळगुळीत होतो, हे नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठातल्या मार्क फान लूसड्रेख्त यांच्या गटाने दाखवून दिले आणि त्याच पायावर तिथल्या एपे गावी नेरेडा पद्धतीचे पूर्ण आकाराचे पहिले नागरी केंद्र 2011-12 च्या सुमारास उभे राहिले. फान लूसड्रेख्त यांना ब्रूस रिटमन यांच्यासह 2018 चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला.

भुकेचा काळही आवश्यक असतो. आवर्तनाचा मोठा भाग बाहेरचे अन्न नसताना गेला तर पेशी एकमेकींना अधिक घट्ट धरतात. तथापि भूक फार लांबली, म्हणजे रात्री गृहसंकुलात पाणी येत नाही म्हणून टाकी तासन्‌तास नुसती हवेवर घुसळत ठेवली, तर जिवाणू दाण्याला बांधून ठेवणारे चिकट द्रव्यच खाऊ लागतात आणि दाणा आतून पोकळ होतो. छोट्या एसटीपीमध्ये ब्लोअर रात्रभर विनाकारण चालू ठेवण्याची सवय विजेच्या बिलाइतकीच गाळालाही महागात पडते.

या सगळ्यावरून असे म्हणता येईल की आधी भरण्याची पद्धत दुरुस्त करावी आणि मग निवळण्याचा वेळ आवळावा. उलट क्रमाने केलेले प्रयत्न टिकत नाहीत.

हवा किती सोडावी?

हवेची दोन कामे आहेत आणि ती एकमेकांशी भांडतात. पहिले काम घासण्याचे: बुडबुड्यांमुळे दाणे एकमेकांवर आदळतात, बाहेर आलेले तंतू घासले जातात आणि गोलाई येते. प्रयोगशाळेतल्या नळकांड्यांत हवेचा उर्ध्ववेग सेकंदाला 0.3 सेंटिमीटर असताना दाणे झाले नाहीत आणि 1.2 सेंटिमीटरला झाले, हे निष्कर्ष खूप उद्धृत केले जातात. पण 1.2 सेंटिमीटर म्हणजे टाकीच्या प्रत्येक चौरस मीटरला ताशी 43 घनमीटर हवा. घरगुती मैलापाण्याच्या खऱ्या टाकीत एवढी हवा कोणी देत नाही आणि देण्याची गरजही नसते, कारण हवेविना भरण्याची पद्धत नीट असेल तर कमी घासणीवरही दाणा टिकतो. प्रयोगशाळेतला आकडा तसाच उचलून ब्लोअरची क्षमता ठरवणाऱ्या प्रस्तावांकडे म्हणून सावधपणे पाहावे.

दुसरे काम प्राणवायू पुरवण्याचे. प्राणवायू दाण्याच्या बाहेरच्या थरातच, मिलिमीटरच्या काही दशांशांपर्यंत पोहोचतो. गाभा त्याच्याविना राहतो. बाहेरच्या थरात अमोनियाचे नायट्रेट होते आणि ते आत झिरपून गाभ्यातले जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करतात. टाकीतला विरघळलेला प्राणवायू 5-6 मिलिग्रॅमवर नेला तर तो खूप आत शिरतो, गाभा लहान होतो आणि नायट्रेट बाहेरच्या पाण्यात वाढते. तो 1 मिलिग्रॅमच्या खाली गेला तर नायट्रीकरण मंदावते, आणि त्याच वेळी पाण्यात न खाल्लेले अन्न शिल्लक असेल तर तंतू वाढण्यास आमंत्रण मिळते. बहुतेक टाक्यांमध्ये हवेच्या टप्प्यात 1.5 ते 2.5 मिलिग्रॅम आणि अमोनिया संपल्यावर त्याहून कमी, अशी रचना बरी चालते.

नागपूरच्या उन्हाळ्याचा दाण्यांवर काय परिणाम होतो?

युरोपातल्या केंद्रांची चिंता थंडीची असते, आपली उष्णतेची. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि टाकीतले पाणी 30 अंशांच्या वर राहते. त्यातून तीन गोष्टी घडतात.

एक म्हणजे प्राणवायू कमी विरघळतो. संपृक्ततेची मर्यादा 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना सुमारे 7.6 मिलिग्रॅम असते. आणि नेमक्या त्याच वेळी जिवाणूंची भूक वाढलेली असते. हिवाळ्यात पुरेसा वाटणारा ब्लोअर उन्हाळ्यात धापा टाकतो. शिवाय गरम हवा विरळ असल्याने ब्लोअरने खेचलेल्या तेवढ्याच घनफळात प्राणवायूचे वजनही कमी भरते.

दुसरे, अमोनियाचे नायट्राइट करणारे जिवाणू उष्णतेत, नायट्राइटचे नायट्रेट करणाऱ्यांपेक्षा वेगाने वाढतात, त्यामुळे नायट्राइट साचू शकते. ते चाचणीत सीओडी (सेंद्रिय द्रव्याचे रासायनिक मोजमाप) म्हणूनही मोजले जाते, आणि ऑपरेटर विनाकारण सेंद्रिय द्रव्य शोधत बसतो.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी लक्षात येते. साधारण 20 अंशांच्या वर फॉस्फरस साठवणाऱ्या जिवाणूंचे प्रतिस्पर्धी, म्हणजे ग्लायकोजेन साठवणारे जिवाणू, वरचढ होऊ लागतात. तेही हवेविना अन्न साठवतात, सावकाश वाढतात, त्यांचेही सुंदर दाणे होतात. फक्त ते फॉस्फरस काढत नाहीत. म्हणजे सिलिंडरमध्ये गाळ उत्तम दिसतो आणि फॉस्फरसचा अहवाल खराब येतो. यावर 30 अंशांच्या टाकीत तपासलेला एक उपाय आहे. फॉस्फरसवाल्या दाण्यांत खनिज साठलेले असल्यामुळे ते जड असतात आणि थराच्या तळाशी बसतात. म्हणून जादा गाळ काढताना तो मुख्यतः थराच्या वरच्या भागातून काढावा. तळाच्या व्हॉल्व्हमधूनच गाळ काढण्याची आपल्याकडची पद्धत या दृष्टीने उफराटी आहे.

हिवाळ्याविषयी थोडक्यात: रात्रीची हवा 10 अंशांच्या आसपास उतरली तरी मैलापाणी त्यापेक्षा बरेच कोमट असते, त्यामुळे तयार दाणे सहसा बिघडत नाहीत. थंड पाण्यात नव्याने सुरुवात करणे मात्र कठीण जाते. 8 अंशांवर सुरू केलेल्या प्रयोगात तंतुमय, वेडेवाकडे दाणे झाले, तर गरम पाण्यात तयार करून नंतर थंड केलेले दाणे टिकले. नवीन टाकीची सुरुवात आपण फेब्रुवारी-मार्चमध्ये करणे सोयीचे.

आमच्याकडे येणारे मैलापाणी फार पातळ आहे. तरीही दाणे होतील का?

होतील, पण सावकाश. हिशेब असा: मैलापाण्याचा सीओडी लिटरमागे 300 मिलिग्रॅम, दर आवर्तनात निम्मी टाकी बदलते आणि दिवसात सहा-सहा तासांची चार आवर्तने होतात असे धरले, तर प्रत्येक घनमीटर टाकीवर दिवसाला 0.6 किलो सीओडीचा भार पडतो. प्रयोगशाळेतले वेगाने वाढलेले दाणे बहुधा 2 ते 3 किलो किंवा त्याहून अधिक भारावर वाढवलेले असतात. आपल्याकडे घरोघरी सेप्टिक टँक असल्याने सेंद्रिय द्रव्याचा काही भाग तिथेच अडतो, आणि जिथे उघड्या नाल्याचे पाणी अडवून केंद्राकडे वळवले जाते तिथे ते आणखी पातळ होते.

अशा वेळी आवर्तन आखूड करून किंवा दर वेळी अधिक पाणी बदलून भार वाढवता येतो. तसेच दोन-तीन टाक्या असतील तर कमी पाण्याच्या काळात एक टाकी विश्रांतीला ठेवून उरलेल्यांना पोटभर देता येते. प्रयोगशाळेत काही आठवड्यांत दिसणारे दाणे खऱ्या मैलापाण्यात तयार होण्यास अनेक महिने लागतात, हे निविदेतल्या मुदती ठरवताना गृहीत धरावे. पहिल्याच तिमाहीत दाण्यांची हमी देणाऱ्या पुरवठादाराला त्याने गृहीत धरलेला भार विचारावा.

पावसाळ्यात प्रश्न वेगळा होतो. पाणी वाढते म्हणून आवर्तने आखूड होतात, अन्न विरळ होते, पावसाच्या पाण्यात प्राणवायू विरघळलेला असल्याने हवेविना भरण्याचा टप्पा नावापुरता उरतो आणि फॉस्फरसवाले जिवाणू उपाशी राहतात. दाणेदार गाळाची जमेची बाजू अशी की तो जोरदार प्रवाहातही वाहून जात नाही. गाळवाहू पाण्यातली बारीक माती दाण्यांत अडकून त्यांना जड करते. त्यामुळे एसव्हीआय चांगला दिसतो, पण त्यातला जिवंत भाग कमी झालेला असतो. पावसाळ्यात एमएलएसएसबरोबर (टाकीतला एकूण गाळ) एमएलव्हीएसएस (त्यातला सेंद्रिय भाग) पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नयेत.

बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक सांडपाण्यासाठी ही पद्धत वापरता येते का?

सांडपाणी कशाचे आहे यावर अवलंबून आहे. अन्नप्रक्रिया, दुग्धव्यवसाय आणि शीतपेये यांचे सांडपाणी दाट आणि सहज खाल्ले जाणारे असल्याने भाराचा प्रश्न सुटतो. मात्र साखरेचे प्रमाण फार असेल तर तंतू लवकर वाढतात, म्हणून आधी काही तास आम्लीकरण टाकीत ठेवून साखरेची मेदाम्ले होऊ द्यावीत. तेल आणि चरबी दाण्याच्या पृष्ठभागावर बसून अन्न आणि प्राणवायू दोन्ही अडवतात. त्यांचा बंदोबस्त आधीच व्हायला हवा. क्षारांचे प्रमाण हळूहळू वाढले तर दाणे ते सहन करतात. सोमवारी गोडे आणि मंगळवारी खारे असे पाणी आले तर ते करत नाहीत. विषारी रसायनांच्या बाबतीत दाण्याचा गाभा बाहेरच्या थरामुळे थोडा वाचतो, आणि सैल फ्लॉकच्या तुलनेत हा खरा लाभ आहे. पण त्या भरवशावर समतोल टाकी (येणारे पाणी साठवून एकसारखे करणारी) लहान करू नये.

यूएएसबी टाकीतले दाणे वेगळे असतात का?

हो, घडणही वेगळी आणि चालवण्याच्या अटीही. वागेनिंगेन येथे खात्से लेटिंगा यांच्या गटाने 1970 च्या दशकात विकसित केलेल्या या टाकीत हवा नसते. मैलापाणी तळाकडून वर चढते आणि दाण्यांच्या थरातून जाताना त्याचा मिथेन वायू होतो. भारत-डच सहकार्यातून कानपूरच्या जाजमऊ येथे 1980 च्या दशकाच्या अखेरीस दररोज 50 लाख लिटर क्षमतेचे केंद्र सुरू झाले आणि पुढे यमुना कृती आराखड्यात अशी अनेक केंद्रे बांधली गेली.

येथे निवड करणारा घटक म्हणजे पाण्याचा वर चढण्याचा वेग. घरगुती मैलापाण्याच्या टाकीत तो ताशी साधारण 0.5 ते 1 मीटर ठेवतात. फार कमी ठेवला तर हलका गाळ निघून जात नाही आणि वायूचे बुडबुडे अडकून थरात वाटा पडतात, फार वाढवला तर थरच वर उचलला जातो. अ‍ॅसिटेट खाऊन मिथेन करणारा मिथॅनोथ्रिक्स हा तंतुमय सूक्ष्मजीव दाण्याचा सांगाडा बनतो. हवेच्या टाकीत तंतूंची जी भीती असते ती येथे नाही. पीएच 6.8 ते 7.4 च्या दरम्यान राहणे हे मात्र जीवनमरणाचे: आम्ले करणारे जिवाणू वेगाने वाढतात, मिथेन करणारे सावकाश, त्यामुळे भार एकदम वाढला की आम्ले साचतात, पीएच घसरतो आणि मिथेन करणारे आणखी मंदावतात. मेदाम्ले आणि अल्कता (आम्ल झेलण्याची पाण्याची क्षमता) यांचे गुणोत्तर 0.3-0.4 च्या पुढे जाऊ लागताच भार कमी करावा. पीएच घसरण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो.

उष्ण हवामान यूएएसबीच्या पथ्यावर पडते. पण आपल्याकडच्या पातळ घरगुती मैलापाण्यावर चालणाऱ्या बहुतेक यूएएसबी टाक्यांत खरे दाणे फारसे होतच नाहीत, त्या फ्लॉकच्या गाळावरच चालतात. शिवाय त्या नायट्रोजन आणि फॉस्फरस काढत नाहीत, आणि मिथेनचा मोठा वाटा पाण्यात विरघळूनच बाहेर जातो. दाट औद्योगिक सांडपाण्यासाठी मात्र हवेविना चालणारा दाणा आजही सर्वांत किफायतशीर आहे: काढलेल्या प्रत्येक किलो सीओडीमागे सुमारे 0.35 घनमीटर मिथेन मिळतो.

पीएच, अल्कता आणि कठीण पाणी यांचे काय?

हवेच्या टाकीत एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे 7.1 मिलिग्रॅम अल्कता खर्च होते आणि दाण्याच्या गाभ्यात नायट्रेटचा नायट्रोजन वायू झाला की त्यातली निम्मी परत मिळते. गाभा चांगला असलेल्या टाकीत म्हणून चुना टाकण्याची गरज क्वचित पडते. विदर्भातल्या बोअरवेलच्या कठीण पाण्यातला कॅल्शियम दाण्याच्या घडणीस मदत करतो. फार असेल तर गाभ्यात खनिज साचते, दाणा जड होतो पण आतून मरतो.

भांडेवाडीसारख्या ठिकाणी, जिथे पाणी पुन्हा वापरायचे आहे, तिथे याचा काय उपयोग?

नागपूरच्या भांडेवाडी सांडपाणी केंद्रात प्रक्रिया झालेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला दिले जाते. वीजकेंद्राच्या कूलिंग टॉवरला बीओडीइतकाच (जिवाणूंना खाता येणाऱ्या सेंद्रिय द्रव्याइतकाच) अमोनिया आणि फॉस्फेट यांचा त्रास होतो: अमोनिया तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्यांना खातो आणि फॉस्फेट कॅल्शियमबरोबर पापुद्रा धरतो. हे दोन्ही एकाच टाकीत, रसायने कमी वापरून उतरवता येणे हा दाणेदार गाळाचा उपयोग आहे. जे पाणी वापरात जात नाही ते नाग नदीतून कन्हानमध्ये, तिथून वैनगंगेत आणि शेवटी गोसीखुर्दच्या जलाशयात पोहोचते. फॉस्फरस अडवला नाही तर जलपर्णी कशी माजते, हे नागपूरकरांनी अंबाझरी तलावात पाहिलेले आहे.

आमची जुनी एसबीआर टाकी दाणेदार गाळावर आणता येईल का?

अनेकदा येते. तळाकडून समान रीतीने पाणी सोडणारी नळ्यांची जाळी, हवेचा झटपट उघड-बंद होणारा व्हॉल्व्ह, वरच्या थरातून गाळ काढण्याची सोय आणि अमोनिया व प्राणवायू यांचे ऑनलाइन मोजमाप, इतके बदल लागतात. टाकी चार मीटरपेक्षा उथळ असेल तर लाभ मर्यादित राहतो. भारतात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कल्पक्कम येथील शास्त्रज्ञांनी दाणे आणि फ्लॉक एकत्र ठेवणारी संकरित एसबीआर पद्धत विकसित केली आहे, आणि पातळ मैलापाण्यासाठी ती मांडणी अधिक व्यवहार्य वाटते, कारण शंभर टक्के दाण्यांचा हट्ट धरावा लागत नाही. उरलेला थोडा फ्लॉक बारीक कण टिपून पाणी स्वच्छ ठेवतो. नुसत्या दाण्यांच्या टाकीचे पाणी थोडे गढूळ येते, अशी तक्रार ऐकू येते ती यामुळेच.

दाणे बिघडू लागल्याचे आधी कसे ओळखावे?

सिलिंडरमधले 5 आणि 30 मिनिटांचे आकडे रोज लिहून ठेवावेत. एसव्हीआय वाढण्याच्या बरेच दिवस आधी या दोहोंतले अंतर वाढू लागते. आठवड्यातून एकदा 0.2 मिलिमीटरच्या चाळणीवर गाळ धुऊन वर किती राहतो त्याचे वजन करावे. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दाण्याची कड पाहावी: कड गुळगुळीत असेल तर ठीक, केसाळ दिसू लागली तर प्राणवायू कमी पडतो आहे किंवा हवेच्या टप्प्यातही अन्न शिल्लक राहते आहे. हवेविना भरण्याच्या टप्प्याच्या अखेरीस टाकीतला फॉस्फेट येणाऱ्या पाण्यापेक्षा वाढलेला दिसला पाहिजे. तो वाढत नसेल तर साठवण करणारे जिवाणू कामाला नाहीत, मग दाणे कितीही देखणे दिसोत. दाणे 4-5 मिलिमीटरपेक्षा मोठे होऊ लागले तर अभिमान बाळगू नये. गाभ्यापर्यंत अन्न न पोहोचून ते लवकरच फुटतात, म्हणून त्यांतला काही भाग तळातून काढून टाकावा.

वीज गेली आणि हवा काही तास बंद राहिली तर?

दोन-तीन तासांत दाणे बिघडत नाहीत. या काळात साठवलेला फॉस्फरस पाण्यात परत सुटतो आणि अमोनिया तसाच राहतो, म्हणून वीज आल्यावर लगेच डिकँटर उघडू नये; आधी पुरेशी हवा देऊन अमोनिया आणि फॉस्फेट उतरल्याची खात्री करावी. टायमर वीज येताच आवर्तन जिथे थांबले तिथून पुढे सुरू करतो की पहिल्यापासून, हे पॅनेलवर एकदा तपासून ठेवावे. अनेक पॅनेल सरळ निवळण्याच्या टप्प्यावर जातात. बंद अनेक दिवसांचा असेल, तर दाणे स्वच्छ पाण्याखाली थंड जागी ठेवून नंतर पुन्हा कामाला लावता येतात. पहिले काही दिवस त्यांना निम्म्या भारावर चालवावे, आणि नायट्रीकरण सर्वांत शेवटी परत येते हे लक्षात ठेवून अमोनियाचे आकडे येईपर्यंत भार वाढवू नये.